पंचवीस तासांची एकोणतीस फेब्रुवारी

२९ फेब्रुवारी २०२४. रात्रीचे अकरा वाजून एकोणसाठ मिनिटं. अल्माटीहून अस्तानाकडे निघालेल्या गाडीत, खालच्या बर्थवर, मी फोनकडे टक लावून बसलो होतो. समोरच्या बर्थवर पासष्टीच्या एक कझाक बाई आणि त्यांची कॉलेजात शिकणारी नात. नातीच्याही हातात फोन. वरच्या बर्थवरचा माणूस केव्हाच घोरायला लागला होता. खिडकीबाहेर अंधार, बर्फ आणि मध्येच एखादा दिवा.

मिनिट बदललं. माझ्या फोनवर ११:५९ नंतर पुन्हा ११:०० उमटले. तारीख तीच, २९ फेब्रुवारी. नातीच्या फोनवर मात्र १२:०० वाजले आणि तारीख १ मार्च झाली. एकाच डब्यात, हातभर अंतरावर, दोन वेगवेगळे दिवस सुरू झाले.

नातीने दोन्ही फोन शेजारी धरून आजीला दाखवले. मग मला इंग्रजीत म्हणाली, "माझ्या फोनप्रमाणे तुझा वाढदिवस संपला. तुझ्या फोनप्रमाणे अजून एक तास आहे."

तिचा फोन जुना होता, त्यात नवीन अपडेट आलं नव्हतं. माझ्या फोनचं बरोबर होतं. त्या रात्री कझाकस्तानच्या मोठ्या भागात घड्याळं एक तास मागे गेली आणि २९ फेब्रुवारी हा दिवस पंचवीस तासांचा झाला. माझा जन्म २९ फेब्रुवारी १९९६ चा. चार वर्षांतून एकदा येणारा माझा वाढदिवस त्या वर्षी एक तास जास्तीचा घेऊन आला होता. तो तास गाठण्यासाठीच मी या गाडीत बसलो होतो.

मोरारजींच्या दिवशी

आमच्या घरी माझ्या जन्मतारखेची गंमत मला कळण्याआधीच सुरू झाली होती. मोरारजी देसाईंचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा. म्हणजे मी बरोबर त्यांच्या जन्मशताब्दीच्या दिवशी जन्मलो. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातला गोळीबार आजोबा कधी विसरले नाहीत, त्यामुळे मी हट्ट केला की ते म्हणायचे, "मोरारजी चिडले बरं का!" मोरारजींची अवस्था तर माझ्यापेक्षा वाईट होती. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, कारण शतकाचं वर्ष ४०० ने भागलं गेलं तरच ते लीप धरतात. त्यामुळे त्यांच्या आयुष्यातली पहिली २९ फेब्रुवारी थेट १९०४ मध्ये, वयाच्या आठव्या वर्षी आली.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर झालो आणि नेमका तारखांच्याच कामात अडकलो. वेगवेगळ्या देशांतल्या लोकांना एकच मीटिंग आपापल्या वेळेत बरोबर दिसली पाहिजे, अशा प्रकारचं ते काम. हे काम करणाऱ्या प्रत्येकाला एक तक्ता माहीत असतो, त्याचं नाव टीझेड डेटाबेस. जगात कुठल्या ठिकाणी कधी घड्याळ किती पुढे-मागे केलं गेलं, याची ती यादी. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात ती सुरू केली, आता पॉल एगर्ट आणि इतर स्वयंसेवक ती सांभाळतात. तुमच्या फोनमधलं घड्याळ परदेशात उतरल्यावर आपोआप बदलतं ते याच तक्त्याच्या जोरावर.

१ फेब्रुवारी २०२४ ला या तक्त्याची नवी आवृत्ती आली. सोबतच्या टिपणात कझाकस्तानची नोंद होती: १ मार्च २०२४ पासून सगळा देश ग्रीनिचच्या पाच तास पुढे. आतापर्यंत अल्माटी, अस्ताना आणि पूर्वेचा भाग सहा तास पुढे होता. घड्याळ मागे घ्यायची वेळ होती २९ फेब्रुवारी संपून १ मार्च सुरू होतानाची मध्यरात्र.

मी ती ओळ दोनदा वाचली. कझाकस्तानात भारतीयांना १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. अल्माटीची तिकिटं मी आधीच काढली होती, कारण बर्फ बघायचा होता आणि युरोप परवडत नव्हता. फक्त एक बदल केला. २९ तारखेच्या रात्री हॉटेलात झोपायचं ठरलं होतं, त्याऐवजी अस्तानाच्या गाडीचा बर्थ घेतला. वेळेचा जास्तीचा तास रेल्वेतच घालवायचा, हे मला महत्त्वाचं वाटत होतं. कारण घड्याळातली वेळ सगळ्यांसाठी एक असावी, हा हट्ट मुळात रेल्वेचा.

रेल्वेची वेळ

दोनशे वर्षांपूर्वी प्रत्येक गावाची वेळ वेगळी होती. सूर्य डोक्यावर आला की बारा. पूर्वेच्या गावात बारा आधी वाजणार, पश्चिमेच्या गावात नंतर. बैलगाडीने किंवा घोड्यावरून जाणाऱ्याला या काही मिनिटांनी फरक पडत नव्हता. रेल्वेला पडला. एकाच रुळावर दोन गाड्या धावणार असतील तर दोन्ही टोकांच्या स्टेशन मास्तरांचं घड्याळ जुळायला हवं. इंग्लंडमध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १८४० मध्ये सगळ्या स्थानकांवर लंडनची वेळ लावली. अमेरिकेत रेल्वे कंपन्यांनी १८ नोव्हेंबर १८८३ ला देशाचे वेळेचे पट्टे पाडले. पुढच्या वर्षी वॉशिंग्टनच्या परिषदेत ग्रीनिचचं रेखावृत्त जगाचं शून्य ठरलं.

आपल्याकडे रेल्वे मद्रासच्या वेळेने चालायची. तिथे वेधशाळा होती आणि मद्रास मुंबई-कलकत्त्याच्या मधल्या रेखांशावर होतं. मुंबईची स्वतःची वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. मद्रासची त्याहून अर्धा तास पुढे. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईच्या सरकारी कचेऱ्यांना मद्रासची वेळ लावली, तेव्हा शहर इतकं बिथरलं की १८८३ मध्ये तो हुकूम मागे घ्यावा लागला.

खरा झगडा झाला १९०६ मध्ये. १ जानेवारीपासून साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ आली. मुंबईच्या दृष्टीने याचा अर्थ घड्याळ ३९ मिनिटं पुढे. गिरणी कामगाराच्या दृष्टीने याचा अर्थ वेगळा होता: भोंगा तोच, पण आता तो आणखी अंधारात वाजणार. कामगारांनी काम बंद पाडलं, गिरण्यांवर दगडफेक झाली. त्याच्या दोनच महिने आधी बंगालची फाळणी अमलात आली होती. सरकारने वरून लादलेल्या कुठल्याही गोष्टीवर लोक चिडलेलेच होते. मुंबई महापालिकेने आपली जुनी ‘बॉम्बे टाइम’ धरून ठेवली, आणि ती थेट १९५५ पर्यंत. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं या शहरात कुणाला वेळ विचारली तर उलट प्रश्न यायचा: कुठली? मुंबईची की स्टँडर्ड?

आमच्या त्या तक्त्यात भारतासाठी एकच नाव आहे: एशिया/कोलकाता. मुंबईच्या नावाची वेगळी ओळ नाही. तक्त्याचा भर १९७० नंतरच्या वेळांवर असतो आणि तोवर मुंबईचं भांडण मिटलं होतं. तक्त्याची यात काही चूक नाही. पण रोज तो तक्ता वापरणाऱ्या मला या भांडणाची काही कल्पना नव्हती. ते मी एका पुस्तकात वाचलं, आणि तेव्हापासून तक्त्यातल्या प्रत्येक ओळीमागे कोण चिडलं असेल, असा प्रश्न पडायला लागला.

ज्यांना घड्याळ नंतर मिळालं

अल्माटीहून निघालेली आमची गाडी आधी पश्चिमेला शू नावाच्या जंक्शनपर्यंत जाते. हा तुर्कसिब रेल्वेचा भाग. सोव्हिएत सरकारने १९२७ ते १९३० या काळात बांधलेला हा मार्ग सुमारे १४०० किलोमीटरचा. तुर्कस्तानातला कापूस सायबेरियाकडे आणि सायबेरियातलं धान्य व लाकूड इकडे, हा त्याचा हेतू. उत्तर आणि दक्षिणेकडून येणारे रूळ एप्रिल १९३० मध्ये एकमेकांना मिळाले. शूपासून गाडी तुर्कसिब सोडून उत्तरेला वळते, बल्खाश सरोवराच्या पश्चिमेने कारागांदाकडे आणि तिथून अस्तानाला.

ही रेल्वे आली तेव्हा इथले बहुतेक लोक गुरं-मेंढ्या घेऊन फिरणारे होते. हिवाळ्याचा मुक्काम वेगळा, उन्हाळ्याचा चराईचा माळ वेगळा. मेंढ्या कधी विणार, बर्फ कधी वितळणार, यावर वर्षाचा हिशोब. रूळ जोडले गेले त्याच काळात सरकारने जबरदस्तीने लोकांना एका जागी बसवायला आणि गुरं सामुदायिक शेतांत जमा करायला सुरुवात केली. १९३० ते १९३३ च्या दुष्काळात सुमारे १५ लाख माणसं मेली, त्यातली बहुतेक कझाक.

आणि त्याच वर्षांत घड्याळ-कॅलेंडरचीही उलथापालथ चालू होती. १९२९ मध्ये सोव्हिएत सरकारने सात दिवसांचा आठवडा मोडून पाच दिवसांचा केला, पुढे सहा दिवसांचा, आणि १९४० मध्ये पुन्हा सातचा. जून १९३० मध्ये सगळ्या देशाची घड्याळं एक तास पुढे केली. आधी हा बदल तात्पुरता होता, मग तो तसाच राहून गेला. रेल्वे मात्र सगळीकडे मॉस्कोच्या वेळेने धावायची. अल्माटी शहरात रात्रीचे नऊ वाजलेले असताना स्थानकातलं घड्याळ सहा दाखवायचं.

२०२४ मध्ये मागे घेतलेला तास एका अर्थी तोच जुना, १९३० चा. सूर्याच्या हिशोबाने अल्माटी ग्रीनिचच्या ५ तास ८ मिनिटं पुढे आहे आणि अस्ताना ४ तास ४६ मिनिटं. पाच तासांची वेळ दोन्ही शहरांना सहाच्या वेळेपेक्षा जवळची. तरी लोक चिडले. अस्तानात डिसेंबरमध्ये दिवस आठ तासांचाही नसतो. घड्याळ मागे गेल्यावर तिथे चारच्या सुमाराला सूर्य मावळणार, पोरं शाळेतून अंधारात घरी येणार. हजारो लोकांनी याचिकांवर सह्या केल्या. मुंबईच्या कामगारांचं आणि यांचं म्हणणं एकमेकांच्या उलट होतं, पण राग एकाच गोष्टीचा: आम्हाला न विचारता आमचा उजेड कुणी हलवला?

एक गोष्ट मला गाडीत नकाशा बघताना लक्षात आली. अस्ताना आणि मुंबई जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. सूर्याच्या वेळेने दोन्ही शहरांत जेमतेम सहा मिनिटांचा फरक. घड्याळात मात्र त्या रात्रीपर्यंत अस्ताना भारताच्या अर्धा तास पुढे होतं आणि त्या रात्रीनंतर अर्धा तास मागे गेलं.

डुकराचं वर्ष

संध्याकाळी गाडीत चढल्यावर नातीने विचारलं होतं, एकटाच? वाढदिवसाला? मग तिने आजीला सांगितलं. तिथे वयस्क बाईंना ‘अपा’ म्हणतात, मीही तेच म्हणायला लागलो. अपांनी पिशवीतून बाउरसाक काढले, तळलेल्या कणकेचे फुगीर गोळे. डब्याच्या टोकाला पाणी उकळायचा बंब असतो, तिथून मी चहा करून आणला. धातूच्या नक्षीदार दांडीच्या खोबणीत काचेचा पेला, ही तिथल्या रेल्वेची जुनी रीत.

अपांनी नातीमार्फत विचारलं, कुठलं वर्ष? मी म्हणालो, १९९६. त्यांनी बोटं मोजली आणि मान हलवली. कझाकांकडे बारा प्राण्यांच्या नावांचं वर्षचक्र आहे. १९९६ उंदराचं. पण त्यांचं नवं वर्ष मार्चमध्ये नौरीझला सुरू होतं. मी त्याच्या आधी जन्मलो, म्हणजे मी उंदराचा नाही, त्याच्या आधीच्या डुकराच्या वर्षातला. नात हसून लाल झाली. मला गंमत वाटली, कारण अगदी हेच मी घरी ऐकून निघालो होतो. सकाळी आज्जीला फोन केला तर तिने आशीर्वाद द्यायचं नाकारलं होतं. "आज कशाचा वाढदिवस? तू फाल्गुनातला. अजून माघ सरला नाही."

मग अपांची स्वतःची जन्मतारीख निघाली. कागदावर एक तारीख आहे, पण ती कुणीतरी कचेरीत लिहिलेली. त्यांची आई सांगायची, मेंढ्या विण्याच्या दिवसांत झालीस, बर्फ अजून होता. "ही तारीख ऑफिसाची," असं त्या म्हणाल्या, असं नातीने सांगितलं.

मी म्हणालो, माझ्या वडिलांचंही असंच आहे.

१ जून

महाराष्ट्रात, विशेषतः खेड्यात, एका ठरावीक वयाच्या माणसांची जन्मतारीख विचारून बघा. आश्चर्य वाटेल इतक्या जणांची १ जून निघेल. कारण साधं आहे. शाळा जूनमध्ये भरायची. पोराला घेऊन बाप गुरुजींसमोर उभा राहायचा. जन्म कधीचा, विचारलं तर उत्तर यायचं: मोठा पूर आला त्या साली, किंवा काढणीच्या वेळी. दाखल-खारीज रजिस्टरमधला रकाना असल्या उत्तराने भरत नाही. पोरगं सहा वर्षांचं पाहिजे. गुरुजी सहा वर्षं मागे मोजायचे आणि लिहायचे, १ जून.

आमच्या भाषेत याला डिफॉल्ट व्हॅल्यू म्हणतात. रकाना रिकामा चालत नाही म्हणून भरलेली किंमत. संगणकाची अशी एक तारीख आहे, १ जानेवारी १९७०. एखाद्या ॲपमध्ये तुमची ऑर्डर १९७० ची दिसली तर समजायचं, तारीख सापडलेली नाही. १ जून ही आपल्या शाळांची तशीच तारीख.

बाबांची तारीख १ जून १९६६. आमचं गाव परभणी जिल्ह्यातलं. आज्जीचा हिशोब वेगळा आणि पक्का: "अधिक श्रावणाच्या साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी." १९६६ मध्ये खरोखरच श्रावण अधिक आला होता. अधिक श्रावण दर एकोणीस वर्षांनी फिरून आला: १९६६, १९८५, २००४, २०२३. दोन श्रावण झाले की पोळा सप्टेंबरच्या मध्यात जातो. म्हणजे बाबांचा खरा जन्म सप्टेंबर १९६६ चा. जून १९७२ ला ते पावणेसहा वर्षांचे होते. गुरुजींनी साडेतीन महिने वाढवून त्यांना शाळेत घेतलं.

हे साडेतीन महिने त्यांना आयुष्यभर पुरले. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक झाले. सेवापुस्तकात तीच तारीख. निवृत्तीचं वय ५८. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, असा नियम आहे. म्हणून महाराष्ट्रात दरवर्षी ३१ मेला सरकारी नोकरांची मोठी रांग एकदम निवृत्त होते. बाबा त्यातले एक असणार होते: ३१ मे २०२४. मी गाडीत बसलो होतो तेव्हा तीन महिने उरले होते.

निवृत्तीबद्दल ते काही बोलत नव्हते. आई फोनवर म्हणायची, रात्री उठून बसतात. मी विचारलं की "सगळं ठीक आहे" एवढंच. मला त्यांच्याशी बोलायचं होतं, पण आमच्यात बोलण्याची तशी सवय नाही. ‘जेवलास का’ आणि ‘गाडी वेळेवर आहे का’ याच्या पुढे आम्ही सहसा जात नाही.

तो तास

शूनंतर रेंज गेली होती. अकरा पुन्हा वाजल्यावर बराच वेळ काही झालं नाही. अपा झोपल्या. नात तिच्या १ मार्चमध्ये झोपून गेली. नव्या घड्याळाप्रमाणे ११:४० ला एका छोट्या स्थानकाजवळ फोनला दोन काड्या आल्या आणि लगेच बाबांचा कॉल वाजला. ते कधीपासून लावत होते कोण जाणे.

"कुठपर्यंत आलास?"

"माहीत नाही. तुम्ही झोपला नाहीत?"

"झोपतो. इथं एक तारीख लागली. तुझं काय चाललंय?"

भारतात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. मी म्हणालो, इथे अजून २९ च आहे, वीस मिनिटं बाकी आहेत. त्यांना सगळं समजावून सांगितलं: तक्ता, घड्याळ, दोन फोन. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "रात्रपाळीवाल्यांना त्या तासाचा पगार मिळाला का?"

मला हसू आलं. मग मीच बोललो. "बाबा, तुमचे साडेतीन महिने गेले ना. खरी तारीख असती तर तुम्ही सप्टेंबरअखेर निवृत्त झाला असता. बदलून का नाही घेतली?"

नोकरीला लागल्यावर काही वर्षांच्या आत तारीख बदलायचा अर्ज करता येतो. त्यांना ते माहीत होतं.

"पुरावा काय देऊ? पोळा?" ते म्हणाले. थोडं थांबून पुढे म्हणाले, "आणि मी पण लिहिल्यात की. किती तरी पोरांच्या. रजिस्टर समोर असायचं, पोरगं दारात उभं असायचं. आई म्हणायची, माहीत नाही गुरुजी. परत पाठवलं तर ते पुढच्या वर्षी येईलच असं नाही. मग लिहायची १ जून. बसवायचं वर्गात. मला कधी वाईट वाटलं नाही."

"आणि आता?"

"आता वाटतं, तेवढे तीन-चार महिने पाहिजे होते. जूनमध्ये नवीन पहिली येती. ती मला बघायला मिळणार नाही."

मग रेंज गेली. मी पुन्हा लावला, लागला नाही. फोनवर ११:४७ झाले होते. त्यानंतर मी बारा वाजेपर्यंत जागा होतो. दुसऱ्यांदा बारा वाजले तेव्हा काही झालं नाही. डबा गरम होता, बंबाखाली कोळसा जळत होता, गाडी अंधारात चालली होती.

पगार, पेन्शन, हप्ता, हे सगळं मी त्या तासाआधी मोजलं होतं. बाबांचं काय गेलं ते यात नव्हतं. ज्या तारखेमुळे त्यांना शाळेत बसायला मिळालं, तीच तारीख त्यांना शाळेतून उठवणार होती. आणि त्यांची तक्रार तरी कुणाकडे असणार? गुरुजींकडे नव्हती, कारण त्याच खुर्चीत ते स्वतः तीस-पस्तीस वर्षं बसले होते. मी इतकी वर्षं १ जूनला विनोद समजत आलो. तो रकाना भरणाऱ्याने एका पोराला आत घेतलं होतं, हे मला बाबांनी सांगेपर्यंत सुचलं नव्हतं.

पोळ्याचा दुसरा दिवस

सकाळी अस्तानाच्या आधी अपांनी मला एक छोटी पुडी दिली, कुर्त, म्हणजे वाळवलेल्या दह्याच्या खारट गोळ्या. नातीचा फोन एव्हाना सुधारला होता, तिने हाताने वेळ लावली होती. फलाटावर उणे तापमानात आम्ही निरोप घेतला.

३१ मेला बाबा निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, पेढे. दुसऱ्या दिवशी, १ जूनला, दिवसभर त्यांना वाढदिवसाचे मेसेज आले. त्यांनी सगळ्यांना हात जोडलेली इमोजी पाठवली.

२०२४ चा पोळा २ सप्टेंबरला होता. मी दुसऱ्या दिवशीसाठी सुट्टी टाकली होती. पण त्या दोन दिवसांत मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, नद्यांना पूर आले, रस्ते बंद झाले आणि मी घरी पोहोचलो ४ तारखेला. बाबा ओसरीवर बसून शेजारच्या पोरीला पाढे शिकवत होते. तिला म्हणाले, "हा माझा मुलगा. पाढे याचे पण कच्चे होते."

मी केक आणला होता. आज्जीने बाबांना पाटावर बसवून ओवाळलं. मी म्हणालो, "आज्जी, एक दिवस उशीर झाला."

"चालतंय," ती म्हणाली. "त्या सालीही पाऊसच होता."